उतार

एखाद्या व्यवहारात काही लपवलेले आहे असा संशय आला, की मराठी माणूस म्हणतो, 'इथे कुठेतरी पाणी मुरतंय.' हा वाक्प्रचार जुन्या घरात राहिलेल्या कोणाच्या तरी तोंडून आला असावा, असे मला नेहमी वाटते. जुन्या घरात पाणी दिसते एकीकडे आणि मुरत असते दुसरीकडे. कौल फुटलेले असते माजघरावर आणि डाग उमटतो ओसरीच्या भिंतीला. वासे, तुळ्या, भिंतींतल्या फटी यांतून ते आपल्या सोयीने वाट काढत राहते. गंमत अशी, की शेतात हेच मुरणे पुण्याचे ठरते. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या भिंतींवर रंगवलेली आहे. पण एखाद्याची जिरवणे याचा बोलीतला अर्थ वेगळा आहे: त्याचा ताठा उतरवणे, त्याला त्याची पायरी दाखवणे. पाणी जिरवताना आपण कधीकधी माणसांचीही जिरवत असतो का, हा प्रश्न मला एका तळघरात साचणाऱ्या पाण्यामुळे पडला, आणि तो वाटला त्यापेक्षा पुष्कळ जुना निघाला.

जुन्या वाड्यांत तळघर असे ते धान्यासाठी, तेला-तुपाच्या भांड्यांसाठी, क्वचित दागिन्यांसाठी, आणि उन्हाळ्याच्या दुपारी अंग टाकायला. घडीव दगडाचे जोते, त्यावर मातीत किंवा चुन्यात रचलेल्या विटांच्या भिंती, रस्त्याच्या बाजूने उजेड-वाऱ्यासाठी ठेवलेले झरोके. आता धान्य पाच-पाच किलोच्या पिशव्यांतून येते आणि दागिने बँकेच्या लॉकरमध्ये असतात. तळघरात उरतात ती गणपतीच्या आराशीची खोकी, मोडका पाळणा आणि कोणी न्यायला न येणारी पितळी भांडी. म्हणून तिथे पाणी आले तरी काही वर्षे कोणाचे लक्ष जात नाही. वरच्या मजल्यावर कुबट वास येऊ लागला, म्हणजे मग घर जागे होते.

तळघरातले पाणी हा एकच आजार नव्हे. पावसाळ्यात तळघराच्या भिंती बाहेरच्या हवेपेक्षा थंड असतात. बाहेरची दमट हवा आत आली, की गार पाण्याच्या तांब्यावर जसे थेंब धरतात तसे भिंतींवर धरतात. तळघर वाळावे म्हणून भर श्रावणात दारे-झरोके सताड उघडे ठेवणारा माणूस ते अधिकच ओले करत असतो. हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. हातभर ॲल्युमिनियमची फॉइल भिंतीला चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून लावायची. दोन दिवसांनी फॉइलच्या बाहेरच्या अंगाला पाणी दिसले तर ते हवेतले, आतल्या अंगाला दिसले तर भिंतीतले.

भिंतीतल्या पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. विटा, माती आणि चुना यांतली बारीक छिद्रे दिव्याच्या वातीसारखी जमिनीतली ओल वर ओढतात. ओल गुडघ्याएवढी चढते, तिथे वाऱ्याने उडून जाते आणि मागे क्षार ठेवते. त्यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर सोडतो, आणि स्वतः झिजतो. मग घरमालक वैतागून सिमेंटचा गिलावा करून घेतो. दोन वर्षे भिंत झकास दिसते. बाहेर पडायची वाट बंद झालेले पाणी मात्र सिमेंटच्या पाठीमागून वर चढत राहते आणि सिमेंट जिथे संपते तिथे, कमरेवर किंवा छातीइतक्या उंचीवर, बाहेर येते. अडवलेले पाणी नाहीसे होत नाही, फक्त पत्ता बदलते. पुढे जे सांगायचे आहे त्यातले निम्मे या भिंतीतच आले आहे.

बाकीचे दोन प्रकार चटकन सांगता येतात. फरशीतून सगळीकडे सारखे वर येणारे, पावसाबरोबर वाढणारे आणि पाऊस थांबल्यावरही काही आठवडे रेंगाळणारे पाणी बहुधा भूजल असते. चैत्र-वैशाखातही एकाच कोपऱ्यात टिकून राहणारे पाणी नळाचे किंवा मोरीचे असते, आणि त्यांतले कुठले, हे नाक सांगते.

हा तपशील मी मुद्दाम दिला. नीतिशास्त्राच्या पुस्तकांत जबाबदारीचा प्रश्न येतो तेव्हा कोणत्या कृतीमुळे काय घडले हे लेखकाने आधीच ठरवून दिलेले असते. आपण फक्त दोष वाटायचा. घरात तसे नसते. इथे कारण शोधणे हेच अर्धे नैतिक काम असते, आणि शोधणाऱ्या प्रत्येकाला आपापल्या सोयीचे कारण हवे असते.

माझ्या मामांचा वाडा पुण्यातल्या एका जुन्या पेठेत, नदीकडे उतरत जाणाऱ्या गल्लीत आहे. त्यांच्या तळघरात दर पावसाळ्यात घोटाभर पाणी साचे, आणि एका कोपऱ्यात ते वर्षभर असे. हे कात्रजच्या नळाचे पाणी आहे, असे मामा पाहुण्यांना सांगत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ बांधला गेला. वाटेत गाळ बसायला हौद आणि हवा सुटायला उच्छ्वास ठेवले, आणि त्या पाण्यावर शहरातले हौद भरत. हा नळ खरोखर आहे आणि त्याचे अवशेष अजूनही शहरात सापडतात, त्यामुळे मामांचे म्हणणे अगदीच हवेतले नव्हते. पण त्यात एक सोय होती. पेशव्यांच्या पाण्याचा अभिमान बाळगता येतो, आणि ते दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणावर येत नाही. शेजारच्या वाड्यातल्या भाडेकरूंचे मत होते, की हे पालिकेच्या फुटक्या जलवाहिनीचे पाणी आहे. पालिकेतून आलेल्या माणसाचे मत होते, की ही भूजलाची पातळी, म्हणजे निसर्ग.

शेवटी मामेभावाने एक साधी गोष्ट केली. होळीच्या रंगातला गडद गुलाबी रंग बादलीभर पाण्यात कालवून त्याने वाड्याच्याच मागच्या मोरीत ओतला. तिसऱ्या दिवशी तळघराचा तो कोपरा गुलाबी झाला. पावसाळ्यात साचणारे पाणी पावसाचे होते. पण वर्षभराचे पाणी ना पेशव्यांचे होते ना पालिकेचे, घरातल्या भांडी-धुण्याचे होते. मोरीखालचा जुना खापरी नळ मध्येच फुटला होता. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'म्हणजे नळाचं पाणी वेगळीकडे जात असणार.'

हा शोध लागेपर्यंत चार पावसाळे तळघराला पंप लावलेला होता. झरोक्यातून बाहेर काढलेली पाइप गल्लीत सोडली होती, आणि गल्लीच्या खालच्या टोकाला एका जुन्या चाळीतली खोली आहे. तिथल्या बाई एकदा वर आल्या. मी त्या दिवशी तिथे होतो.

'काका, तुमचं पाणी आमच्या दारात येतंय.'

'ताई, पाणी उताराकडेच जाणार. त्याला मी काय करू?'

'उतार काय देवानं केलाय? तीन वर्षांमागं रस्ता केला, तेव्हा झालाय.'

यावर मामांकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्याकडेही चांगले उत्तर नव्हते. पाणी खाली जाते हे मामांचे म्हणणे भौतिकशास्त्राचे होते. बाईंचे म्हणणे इतिहासाचे होते. नैतिक प्रश्न या दोहोंच्या मधोमध कुठेतरी आहे.

इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात चीनमध्ये दोन विचारवंतांत असाच वाद झडला होता. गाओझीचे म्हणणे असे, की माणसाचा स्वभाव साचलेल्या पाण्यासारखा आहे. पूर्वेला वाट करून दिली तर ते पूर्वेला जाते, पश्चिमेला दिली तर पश्चिमेला. मेन्शियसचे उत्तर असे, की पाण्याला पूर्व-पश्चिम कळत नसेल, पण वर-खाली नक्की कळते. पाणी जसे खाली, तसा माणूस चांगुलपणाकडे झुकतो. थापट मारून पाणी कपाळाच्या वर उडवता येईल, अडवून डोंगरावर चढवता येईल, पण तो त्याचा स्वभाव नव्हे, त्याच्यावरची बळजबरी आहे. परंपरेने हा वाद मेन्शियसने जिंकला असे मानले जाते. मला मात्र दोघांचाही एकेक मुद्दा पटतो. पाणी खालीच जाते, हे मेन्शियसचे खरे. पण ते कोणाच्या दारावरून जाईल हे वाट खणणारा ठरवतो, हे गाओझीचेही खरे. आणि वाट खणून झाल्यावर तिला स्वभाव म्हणायची आपल्याला फार घाई असते.

कायद्यालाही हा पेच ठाऊक आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या सातव्या कलमात मालकाच्या स्वाभाविक हक्कांची उदाहरणे दिली आहेत. त्यांतले एक असे, की वरच्या जमिनीत आपोआप उगम पावलेले किंवा तिच्यावर पडलेले, ठरावीक प्रवाहातून न जाणारे पाणी खालच्या जमिनीवर आपोआप वाहून जात असेल, तर खालच्या मालकाने ते जाऊ दिले पाहिजे. रोमन कायद्याचा कलही असाच होता. पण त्याच रोमन कायद्यात, शेजाऱ्याने काही बांधकाम करून पावसाच्या पाण्याचा ओघ बदलला तर खालच्या मालकाला दाद मागण्याचीही सोय होती. म्हणजे सगळे ओझे 'आपोआप' या शब्दावर आहे. आपोआप आले तर सोसा, आणून सोडले तर जाब विचारा.

इंग्लंडमधला रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. लँकेशरमधल्या गिरणीमालकाने पाण्यासाठी तलाव बांधून घेतला. खाली जुन्या, सोडून दिलेल्या खाणींची विवरे होती. तलावाचे पाणी त्यांतून उतरून शेजाऱ्याच्या कोळसा खाणीत शिरले. गिरणीमालकाची स्वतःची हयगय सिद्ध झाली नव्हती. तरी १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याला जबाबदार धरले: निसटल्यास नुकसान करील अशी वस्तू आपल्या जमिनीवर आणून साठवणाऱ्याने तिची जोखीमही उचलली पाहिजे. दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीनंतर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये याच्याही पुढे जाऊन धोकादायक उद्योगांसाठी पूर्ण जबाबदारीचे तत्त्व सांगितले. एका खाणीत शिरलेल्या पाण्यापासून वायूपर्यंतची ही वाट मला विलक्षण वाटते. मात्र हे दोन्ही निर्णय आणून साठवण्याबद्दल बोलतात. पुण्यातल्या त्या गल्लीत कोणी काहीच साठवले नव्हते. तिथे बदलला होता तो फक्त उतार.

तो कसा बदलला हे पाहण्यासारखे आहे. आपल्या शहरांत रस्त्याची जुनी पृष्ठे न खरवडता त्यावर नवा थर चढवण्याची रीत आहे. दर खेपेला रस्ता चार-सहा बोटे वर येतो. मामांच्या वाड्याला त्यांच्या लहानपणी रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून जावे लागे. आज एक पायरी उतरून जावे लागते. जो झरोका एके काळी रस्त्याच्या वर गुडघाभर होता तो आता रस्त्याच्या पातळीला आला आहे, आणि गल्लीतले पावसाचे पाणी थेट त्यातून तळघरात पडते. वाडा तसूभरही खचलेला नाही. शहराने त्याला खाली केले. आणि वाड्याने पंप लावून चाळीला आपल्या खाली केले. या दोन कृतींत फरक आहे तो आकाराचा, जातीचा नव्हे.

जातीचा हा शब्द लेखणीतून सहज उतरला, पण तो इथे टाळताही येणार नाही. उतार, उतरणे आणि उतरंड हे मराठीत जवळजवळ राहणारे शब्द आहेत. उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी, आणि समाजातल्या जातींच्या रचनेलाही आपण हाच शब्द लावतो. पाण्याच्या बाबतीत या उतरंडीचा एक चमत्कारिक नियम होता. घाण पाणी उतारानेच जायचे, आपोआप, कोणी न सांगता, वरून खाली. स्वच्छ पाण्याला मात्र तोच उतार कधी सापडत नसे. कात्रजच्या नळाने शहरातल्या हौदांपर्यंत आलेले पाणी अस्पृश्य मानलेल्यांच्या घागरीपर्यंत आपोआप पोहोचले नाही. तिथे निसर्गाचा नियम बंद पडत असे. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. लँकेशरच्या खटल्याचा निकाल लागला तेच हे वर्ष. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काही सिद्ध होत नाही; पण दोन्ही प्रसंगांत एकाच गोष्टीचा सवाल होता, की आपल्या आवारातल्या पाण्याबद्दल आपण आवाराबाहेरच्या माणसाचे काय देणे लागतो. न्यायालयाने त्याचे उत्तर नुकसानीच्या भाषेत दिले. फुल्यांनी दार उघडून दिले.

म्हणून 'पाणी खालीच जाणार' हे वाक्य मला निरागस वाटत नाही. जो नियम घाणीला लागू होतो आणि पिण्याच्या पाण्याला होत नाही, तो निसर्गनियम नव्हे. ती वाटणी आहे, आणि वाटणी कोणीतरी केलेली असते.

मोरीचा नळ दुरुस्त करायचा तर आधी चेंबर मोकळे करायला हवे होते, आणि ते तुंबलेले होते. सक्शनची गाडी गल्लीत शिरत नव्हती. ठेकेदाराने फोनवर सांगितले, 'उतरणारा माणूस देतो.' उतरणारा हा शब्द त्याने इतक्या सवयीने वापरला, की जणू तो एखादा हुद्दा होता. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यावर बंदी आहे. त्यात मृत्यू आल्यास कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला, आणि २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, यातच काय ते आले. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो. तोही खालीच बसतो. थोडा असेल तर कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, फार असेल तर वास घेण्याची शक्तीच आधी मारतो, आणि उतरणाऱ्याला वाटते की हवा साफ झाली.

मामांनी ठेकेदाराला भाव विचारला होता. मी तो ऐकला. मग मामेभाऊ म्हणाला, आधी वरूनच प्रयत्न करू, आणि बांबूच्या लांब खपच्यांनी तासाभरात तुंबारा निघाला. आत कापडाचा बोळा आणि झाडाची मुळे होती. कोणी उतरले नाही. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी १९७६ मध्ये नैतिक नशिबाची चर्चा सुरू केली: दोघे जण तितकेच बेफिकीर असतात, एकाच्या हातून अनर्थ घडतो, दुसऱ्याच्या हातून घडत नाही, आणि आपण त्यांना वेगवेगळे तोलतो. त्या दिवशी आमच्या घराण्याच्या नावावर काही लागले नाही ते बांबूमुळे. बोळा आणखी हातभर खोल असता तर काय झाले असते, याचा विचार करायला मामा तयार नव्हते. अशा बाबतीत बहुतेक माणसे मामांसारखीच असतात, असा माझा अनुभव आहे.

तळघरातले पाणी हा दर वेळी कुबट वासाचाच प्रश्न असतो असेही नाही. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पावसाचे आणि नाल्याचे पाणी घुसले आणि नागरी सेवा परीक्षेची तयारी करणारे तिघे विद्यार्थी बुडून मेले. तळघराला परवानगी होती सामान आणि गाड्या ठेवण्याची. तिथे वाचनालय चालत होते. यातल्या एका प्रकरणाची मला फार आठवण येते. तुंबलेल्या रस्त्यावरून मोठी गाडी नेणाऱ्या एका माणसाला पोलिसांनी अटक केली, कारण गाडीमुळे उठलेल्या लाटेने इमारतीचे फाटक मोडले आणि पाणी आत लोटले. काही दिवसांत त्याला जामीन मिळाला. कारण शोधताना हात पोहोचला तो सर्वांत शेवटच्या, सर्वांत दिसणाऱ्या हालचालीपर्यंत. नाला, परवानगी, तळघराचा वापर, रस्त्याचा उतार ही कारणे वर्षानुवर्षे स्थिर उभी होती, आणि स्थिर उभ्या असलेल्या गोष्टींना आपण परिस्थिती म्हणतो, कृत्य म्हणत नाही. भिंतीवर जिथे डाग दिसला तिथेच कौल फुटले, असे समजण्यासारखे हे आहे.

यावर कोणी म्हणेल, मग करायचे काय? तळघरे बुजवून टाकायची? पुष्कळ जण तेच करतात. भराव घालतात, वर फरशी बसवतात, आणि ओल आणखी हातभर वर येऊन बसायच्या खोलीत दिसू लागते. दुसऱ्या टोकाचे उदाहरण अहमदाबादेत आहे. तिथल्या जुन्या पोळांमधल्या घरांत चौकाखाली टांके असते. छपरावरचे पावसाचे पाणी नळाने त्यात उतरवतात, पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडून देतात, आणि नंतरचे वर्षभर पिण्यासाठी राखतात. घराखाली पाणी असणे हा तिथे दोष नव्हे, ऐश्वर्य. तिथेही उतारच आहे, पण त्याचे शेवटचे टोक घराच्या मालकाने आपल्याच घशाखाली ठेवले आहे. जे पाणी आपल्याला प्यायचे आहे त्याचे छप्पर माणूस झाडून ठेवतो.

म्हणून मला वाटते, खरा प्रश्न पाणी कुठून आले हा जितका आहे तितकाच पाइपचे तोंड कुठे आहे हा आहे. पंप विकत घेताना आपण त्याची ताकद विचारतो, दुसऱ्या टोकाबद्दल विचारत नाही. आणि हे दुसरे टोक गल्लीपाशी संपतही नाही. पुण्याचे पाणी मुठेत जाते, मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीच्या धरणात साठते आणि सोलापूर ते पाणी पिते. पुढे तीच भीमा पंढरपुराला वळसा घालते, तिथे तिचे नाव चंद्रभागा होते, आणि आषाढीला लाखो माणसे तिच्यात बुडी मारतात. मग ती कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते. मामांची एक भाची पंढरपुरात दिलेली आहे. तिला भेटायला गेले की मामा चंद्रभागेच्या घाणीबद्दल तळमळून बोलतात, आणि ती तळमळ खरी असते.

खालच्यासाठी वरच्याने आपले तळघर पाण्याखाली ठेवावे, असे मी म्हणणार नाही. काही वेळा मात्र तेही शहाणपणाचे असते. पुरानंतर भोवतालची जमीन पाण्याने तट्ट भरलेली असताना तळघर घाईने उपसले, तर बाहेरच्या दाबाने भिंती आत कोसळतात. आतले पाणीच तेव्हा भिंतींना धरून ठेवत असते. शिवाय मातीत बांधलेल्या घराखालून पंप रोज बारीक माती ओढत राहिला तर पाया पोकळ होतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटल्यावर मातीच्या भिंतींचे पाण्यात काय होते हे पुण्याने पाहिले आहे. त्या पुराबद्दल मामा आजही बोलतात ते हळू आवाजात. पण रोजच्या पाण्याच्या बाबतीत अपेक्षा इतकी मोठी नाही. ज्याच्या दारावरून ते जाणार, त्याला आधी विचारावे. त्याने नाही म्हटले तर दुसरी वाट शोधायचा खर्च आपण करावा. आणि उतार हे उत्तर म्हणून वापरू नये. यातली तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण तिच्यावर खर्च येत नाही आणि म्हणून ती केल्याचे समाधानही मिळत नाही.

मामांच्या वाड्यात मोरीचा नळ बदलला गेला. तळघराच्या भिंतीवरचे सिमेंट काढून चुना लावायला एक म्हातारे गवंडी सापडले. त्यांनी चुना महिनाभर भिजत ठेवला आणि त्यात गुळाचे पाणी घातले, तेव्हा नातवंडांनी ते चाखूनही पाहिले. झरोक्यापुढे वीतभर उंचीचा दगडी कठडा बसवला. परसात, पायापासून लांब, शोषखड्डा खणला. खाली मुरूम लागला, तेव्हा साधारण पाऊस त्यात जिरतो. जोराचा पाऊस झाला की अर्ध्या तासात खड्डा भरतो आणि पंप लावावाच लागतो. तेव्हा मामा आधी खालच्या खोलीत फोन करतात. कधी बाई म्हणतात, लावा. कधी म्हणतात, तासभर थांबा काका, पोरं शाळेतून यायचीत. मामा मग तळघराच्या वरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसतात आणि पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले ते बघत राहतात.